खालून काढलेला फास

पाऊस मार्सेलला सुरू झाला आणि बोटीवरच्या अडीच हजार लोकांनी तो अगदी मनाला लावून घेतला. भूमध्य समुद्रावर फिरायचं म्हणजे ऊन, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबरात ते ऊन आणायचं कुठून, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. लोक काचेला नाक लावून बसले होते, कॉफीवर कॉफी रिचवत होते आणि स्वागतकक्षातल्या मुलीला जाब विचारत होते, जणू वरचा नळ तिनंच उघडा टाकलाय.

नेदो बार्तालेसी त्यांच्यात नव्हता. तो सातव्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर, कठड्याला पोट टेकवून, निथळत उभा होता आणि खाली धक्क्यावर बोट बांधणाऱ्या माणसांकडे बघत होता.

"हळू. हळू रे. ढील येऊ दे अजून," तो पुटपुटत होता. "आत्ता घाल. हं."

खालच्या माणसानं दोराचा फास लोखंडी खुंटावर घातला आणि तो बाजूला झाला. नेदोनं नाक मुरडलं. छत्तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. तोस्कानाच्या किनाऱ्यावर पोर्तो सालेना नावाचं लहानसं बंदर आहे. तिथं बोट आली की तिचे दोर ओढून घ्यायचे, खुंटांवर घालायचे आणि ती निघाली की सोडायचे, हेच त्याचं काम. सप्टेंबरात तो निवृत्त झाला. जोडीदारांनी धक्क्यावरच्या आपल्या खोलीत त्याच्या नावाची पितळी पाटी ठोकली: 'नेदो बार्तालेसी. छत्तीस वर्षांत एकही फास चुकला नाही.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नेदोच्या घशाखाली त्या दिवशी वाइन उतरली नाही.

"झाली का तपासणी?" मागून त्याच्या बायकोचा, लोरियानाचा आवाज आला. निळा प्लास्टिकचा रेनकोट, रबरी बूट, हातात छत्री, अशी ती लढाईला निघाल्यासारखी उभी होती. "तू निवृत्त झालास हे अख्ख्या बंदराला कळलंय. तुलाच तेवढं कुणी सांगितलेलं दिसत नाही."

"मागचा दोर फार लांबून घेतलाय त्यांनी."

"मग जा, सांग त्यांना. फ्रेंच येतं? नाही ना? मग चल माझ्याबरोबर. मला टेकडीवरचं चर्च बघायचंय."

"या पावसात?"

"पाऊस माझा नाही, नेदो. दिवस माझे आहेत. मी बंदरं बघायला आलेय, तुझ्यासारखे खुंट मोजायला नाही."

चर्च ढगात होतं. टेकडीवर पोचले तेव्हा समोर हात लांब केला तर बोटं दिसेनात. लोरियाना तरी भिंतींना हात लावत, मेणबत्ती पेटवत, आरामात फिरली. नेदो दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. खिशातून फोन काढायचा, हवामान बघायचा, परत ठेवायचा. दहा मिनिटांत चार वेळा झालं. तो मार्सेलचं हवामान बघत नव्हता.

ही सहल लोरियानानं ठरवली होती. ऑगस्टात एक दिवस तिनं जेवणाच्या टेबलावर रंगीत पत्रक पसरलं आणि बोट ठेवत एकेक नाव वाचलं: मार्सेल, बार्सिलोना, पाल्मा. चौथं नाव तिनं वाचलं नाही. त्याच्यावर बोटही ठेवलं नाही. चौथं नाव त्रापानी होतं, गुरुवारचं, आणि त्रापानीत मिर्को होता.

मिर्को त्यांचा एकुलता एक मुलगा. तीस वर्षांचा. बापासारखाच बोटी बांधायचा, पण दूर तिकडे सिसिलीत. बापाशी तो सात वर्षं बोलला नव्हता. आईला नाताळात, ईस्टरला आणि तिच्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. नेदोनं हात पुढे करेपर्यंत तो ठेवलेला असायचा.

बार्सिलोनाला पाऊस तिरपा होता. बाजारात पत्र्याखाली उभं राहून लोरियानानं तळलेले माकुळ खाल्ले, बोटं चाटली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हातातली पुडी तशीच होती.

"थंड होतंय."

"भूक नाही."

"काल रात्री सहा जातींचं चीज ताटात घेतलंस आणि काट्यानं इकडून तिकडे केलंस. परवापासून तू पोटात काही घातलेलं मी बघितलं नाही." तिनं कागदी रुमालाला हात पुसले. "काही बोलायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

हा प्रश्न तिचा जुना होता. सूप वाढताना विचारायची. दोघं चादरीची घडी घालत असताना विचारायची. एकदा तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या दफनाच्या वेळी, फुलं हातात असताना विचारलं होतं. नेदो दर वेळी काहीतरी सांगून मोकळा व्हायचा, मीठ कमी आहे, छपराचं कौल सरकलंय. आजही तो म्हणाला, "बूट गळतायत माझे."

"बूट," लोरियाना म्हणाली आणि त्याच्या हातातली पुडी घेऊन तिनं स्वतःच संपवली.

बोलायचं होतं. सात वर्षं तेच बोलायचं होतं आणि ते कुणाशी बोलायचं तेही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पायाला भिंगरी लागल्यासारखा तो त्या बोटीवर फिरत होता.

बोट बांधणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. खुंटावर आधीच दुसऱ्या बोटीचा फास असेल, तर आपला फास त्याच्यावर नुसता टाकायचा नाही. त्या पहिल्या फासाच्या आतून, खालून वर काढायचा आणि मग खुंटावर घालायचा. म्हणजे दोघींतली कुठलीही आधी निघो, दुसरीला धक्का न लावता तिचा दोर सुटतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

सात वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी दुपारी खुंटावर फेरीबोटीचा फास होता आणि लाकडं घेऊन एक जड बोट आली. नेदो गारठला होता, कावला होता, घरी जायची घाई होती. त्यानं लाकडाच्या बोटीचा फास उचलला आणि वरून टाकून दिला. दोन तासांनी वारा उठला. फेरीबोटीला निघायचं होतं आणि तिचा फास खाली अडकलेला. वरचा दोर ताणून तारेसारखा झालेला, तो ढिला सोडावा तर लाकडाची बोट धक्क्यावर आपटणार. शेवटी फेरीबोटीचा दोर कुऱ्हाडीनं तोडावा लागला. तुटलेलं टोक उसळलं आणि जोडीदार इव्होचा हात दोन ठिकाणी मोडला.

खोलीत सगळे ओले उभे होते. मुकादम आल्दोनं एवढंच विचारलं, "कुणी टाकला तो फास?"

नेदोचा हात उठला. तोंडाच्या आधी हात उठला. मिर्को, तेवीस वर्षांचा, कामावर येऊन वर्षही न झालेला, शेजारी उभा होता. नेदोनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली आणि ओरडला, "शिकवलं होतं ना तुला!"

मिर्को त्याच्याकडे बघत राहिला. कितीतरी वेळ. मग त्यानं हातमोजे काढले, टेबलावर ठेवले आणि तो गेला. 'हात कच्चा आहे पोराचा' हे त्याच्या पाठोपाठ गेलं. दोन वर्षं कुठल्या बंदरानं त्याला दोराला हात लावू दिला नाही, गोदीत पोती उचलली त्यानं. मग त्रापानीच्या लोकांनी घेतला. नेदोला हे सगळं लोरियानाकडून तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. प्रत्येक तुकडा ऐकताना तो खिडकीबाहेर बघायचा.

पाल्माला तर आभाळ फाटलं. लोरियाना तरीही उतरली, आणि तो तिच्या मागे. कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून पाण्याचे पाट वाहत होते. एका कॅफेत बसून तिनं बूट काढून उपडे केले तेव्हा त्यातून पेलाभर पाणी निघालं आणि वेटरसुद्धा हसला. ती मात्र खुशीत होती. पोस्टकार्डं घेतली, पिठीसाखर भुरभुरलेली वेटोळ्याची पोळी घेतली, मिर्कोसाठी एक डबाभर वेगळी बांधून घेतली.

बोटीवर परत आले तेव्हा कॅप्टन माइकवर बोलत होता. दक्षिणेकडून वारा वाढतोय. त्रापानीला लागता येईल की नाही, ते गुरुवारी सकाळी ठरेल. न जमल्यास थेट परतीचा मार्ग. बोटीवर मनोरंजनाचे कार्यक्रम असतीलच.

नेदोच्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला, त्याला श्वास घेता आला. आपण काय करणार? वारा आपल्या हातात आहे का? मग त्यानं बायकोकडे पाहिलं. ती लिफ्टसमोर उभी होती, डबा पोटाशी धरून, आणि तिचे ओठ थरथरत होते. साठ वर्षांची बाई, पावसाला, गळक्या बुटांना, ढगातल्या चर्चला न हरलेली. नेदोला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तिच्याबरोबर लिफ्टमध्ये गेलाच नाही. जिन्यानं नऊ मजले चढला.

बुधवारी दिवसभर समुद्र होता. नेदोनं डेकला चौदा फेऱ्या घातल्या. एका फेरीत त्याला वाटायचं, वारा पडू दे. दुसऱ्या फेरीत वाटायचं, वाढू दे. आरामखुर्चीत गुंडाळून बसलेला एक जाडा जर्मन प्रत्येक फेरीला त्याला हात करायचा. अकराव्या फेरीनंतर त्यानंही हात करणं सोडलं.

"बस की जरा," लोरियाना म्हणाली. "तू चालल्यानं बोट लवकर नाही पोचत."

"तुला वाटतं का, लागेल?"

"मला काय वाटायचंय? तू सांग. छत्तीस वर्षं कुणी वारा बघितलाय, तू की मी?"

नेदोनं वर बघितलं. ढग कसे पळतायत, लाटांचा फेस कुठे वळतोय, सगळं पाहिलं. "लागेल," तो म्हणाला. "सकाळी तासा-दोन तासांची उसंत मिळेल." आणि पुन्हा चालायला लागला.

गुरुवारी दहा वाजता बोट त्रापानीला लागली. पाऊस सरळ पडत होता. दोघं कठड्याशी उभे होते. खाली सहा माणसं, सहाही पिवळ्या रेनकोटात, सहाही टोप्या ओढलेली. लोरियाना डोळे ताणून बघत होती.

"कुठला रे? मला ओळखू येत नाही. सगळे सारखे दिसतायत."

नेदो मागे बघत होता. मागच्या बाजूच्या एका खुंटावर बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीचा फास होता. पिवळ्या रेनकोटातला एक माणूस त्यांच्या बोटीचा जड फास घेऊन तिथं आला. वाकला. फास खालून आत सारला, वर खेचला, खुंटावर बसवला. मग तळहातानं दोरावर दोनदा थापटलं, जसं घोड्याच्या मानेवर थापटतात.

तसं थापटायची गरज नसते. कुठल्याच बंदरात कुणी थापटत नाही. नेदो थापटायचा, आणि नेदोचा बाप.

"तो," नेदो म्हणाला. "मागचा."

लोरियानानं त्याच्याकडे पाहिलं. "तू हो पुढे. मी सावकाश उतरते, जिना निसरडा आहे," ती म्हणाली. चार दिवस ती कुठल्याच जिन्याला घाबरली नव्हती.

एक वाजेपर्यंत परत यायचं होतं. प्रवासी छत्र्या उघडून गावाच्या दिशेनं निघाले. नेदो उलट्या दिशेला वळला. छत्री त्यानं घेतलीच नव्हती.

"पलीकडून चला," पिवळ्या रेनकोटातला माणूस मान वर न करता म्हणाला. "प्रवाशांनी दोरांजवळ थांबायचं नाही."

"मिर्को."

तो सरळ झाला. दाढी वाढवली होती, दाढीतून पाणी गळत होतं. गाल भरले होते. त्यानं बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी तशाच आवाजात म्हणाला, "पलीकडून चला. दोर तुटला तर तुम्हाला लागेल."

"फास छान काढलास."

"हे सांगायला आलात?"

"नाही." नेदोनं तोंडावरचं पाणी पुसलं. चार दिवस त्यानं डेकवर चालत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता सापडेना. "त्या दिवशीचा फास. लाकडाच्या बोटीचा. तो मी टाकला होता. तू नव्हतास."

बोलून तो थांबला. आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. पोरगा ओरडेल, अंगावर येईल. मिर्कोनं फक्त हातमोज्यातलं पाणी झटकलं.

"माहीत आहे."

"काय?"

"तुमच्या मागंच उभा होतो मी. तुमचा कॉफीचा थर्मास माझ्या हातात होता. तुम्ही टाकलात ते माझ्या डोळ्यांसमोर टाकलंत. मला वाटलं, एवढा जुना माणूस, काहीतरी विचार करूनच टाकला असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"कधी बोलू? थोबाडीत बसल्यावर?" आता त्याचा आवाज चढला. "मला वाटलं, आज घाबरलाय, उद्या सांगेल. मग वाटलं परवा. मग म्हटलं, इव्होचं प्लास्टर निघेल तेव्हा तरी सांगेल. मी पोती उचलत होतो आणि रोज संध्याकाळी फोन बघत होतो. वेडा होतो मी."

"आईला..." तो कसाबसा म्हणाला.

"आईला पहिल्याच नाताळात सांगितलं. ती तेव्हाच तुमच्या अंगावर येणार होती. मीच म्हटलं, तू बोलू नकोस. त्याचं त्याला बोलू दे."

सूप. चादरी. हातात फुलं घेऊन दफनाला उभी असलेली लोरियाना. काही बोलायचंय का? आणि आपण तिला कौलं सांगितली, बूट सांगितले. नेदोला तिथंच खुंटावर बसावंसं वाटलं, पण दोर ताणलेला असताना खुंटावर बसत नाहीत, म्हणून तो उभा राहिला.

"मला चूक कळली आहे," तो म्हणाला.

"मला काय सांगताय? मला आधीपासून ठाऊक आहे. ज्यांच्यासमोर मारलंत त्यांना सांगा." मिर्कोनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "साडेदहा झाले. आल्दो आणि सगळे आत्ता कॉफीला बसले असतील. तुमच्या त्या पाटीखाली. आईनं सांगितलं मला पाटीचं."

नेदोनं फोन काढला. ओल्या काचेवर बोट चालेना. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, भलतंच काहीतरी उघडलं. मिर्को थोडा वेळ बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला आणि त्यानं आपल्या रेनकोटाची बाही फोनवर छपरासारखी धरली.

"स्पीकर लावा," तो म्हणाला.

"नेदो!" आल्दोचा आवाज धक्क्यावर घुमला. "काय रे, उन्हानं काळा पडलास की नाही?" मागे हसण्याचा गलका झाला, कपांचा आवाज आला.

"आल्दो, सगळे आहेत का?"

"आहेत की. इव्होपण आलाय, पत्त्यांत लबाडी करतोय. का?"

"सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेव फोन." नेदोनं फोन तोंडाजवळ धरला. "लाकडाच्या बोटीचा फास मी टाकला होता. मी. पोराचा काही संबंध नव्हता. मी त्याच्यावर ढकललं आणि सात वर्षं गप्प बसलो. इव्हो, तुझा हात माझ्यामुळं मोडला."

पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. बाकी काही नाही. कुणी शिवी हासडली असती तर नेदोला बरं वाटलं असतं. पाऊस मिर्कोच्या बाहीवर टपटपत होता.

"मिर्को कुठाय?" इव्होचा आवाज आला.

"इथंच आहे," मिर्को म्हणाला.

"तुझ्याबद्दल मी पण बोललोय रे काही काही. चार लोकांत."

"माहीत आहे, इव्हो."

मग आल्दो बोलला, अगदी कामाच्या आवाजात. "नेदो, पाटी आहे इथं भिंतीवर. तिचं काय करू?"

"काढ," नेदो म्हणाला.

"बरं," आल्दो म्हणाला आणि फोन बंद झाला.

छत्तीस वर्षं त्या एका 'बरं'मध्ये गेली. नेदोनं फोन खिशात ठेवायचा प्रयत्न केला, खिसा सापडेना. त्या पाटीवरच्या नावासाठी तो सात वर्षं पोराला मुकला होता, आणि ती पाटी आता चार खिळ्यांची गोष्ट होती. तो रडत होता हे त्याला कळलंही नाही. पाऊस असल्यानं तसं कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, पण मिर्कोला दिसलं.

मिर्कोनं बाही खाली घेतली. धक्क्याकडे बघितलं, फेरीबोटीकडे बघितलं, उगाच दोरावर पाय देऊन ताण बघितला. मग बापाकडे न बघता म्हणाला, "काही खाल्लंयस का सकाळपासून?"

नेदोनं मान हलवली. नाही.

"आत चण्याच्या पिठाच्या गरम वड्या आहेत. पावात घालून खातात इथले लोक. चल."

तेवढ्यात लोरियाना आली. छत्री उलटी झालेली, डबा पोटाशी धरलेला. तिनं मुलाला पाहिलं, पण आधी त्याच्याकडे गेली नाही. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बोलून झालं?"

"झालं."

तिनं मोडक्या छत्रीचा दांडा त्याच्या खांद्यावर हाणला. चांगला जोरात. "सात वर्षं, नेदो! सात वर्षं मी तुला विचारत होते." मग ती वळली, मिर्कोच्या ओल्या रेनकोटात तोंड खुपसून मोठ्यानं रडायला लागली, आणि डबा दोघांच्या मध्ये चेपला गेला.

खोलीत त्रापानीच्या पाच माणसांनी बाक रिकामा करून दिला. नेदोच्या हातात पाव आला. पहिला घास घेतल्यावर त्याला कळलं की आपल्याला भयंकर भूक लागली होती. त्यानं तो पाव संपवला आणि दुसरा मागितला.